उजवा पाय पुढं

आराम? आराम पायजे तर खाट घ्या की सायेब, बर्फावरनं घसरायची फळी कशाला घेताय? — न्हाई न्हाई, बसा, चेष्टा केली. आज मंगळवार, गिऱ्हाईक न्हाई, तवा चेष्टेला वेळ हाय. काय म्हणालात — ऑल-माउंटन. म्हंजी सगळा डोंगर. सगळा डोंगर पायजे आन् तोबी आरामात पायजे! लोणावळ्याला येणारा जो तो हेच मागतो बगा. दरी बघायची, पर गाडीतनं उतरायचं न्हाई. काच खाली करायची, फोटो काढायचा, काच वर करायची — झाला डोंगर.

पर फळी हाय माझ्याकडं. दोन हाईत. तुमाला वाटत आसंल, चिक्कीच्या दुकानांच्या मागं ह्या नंदाबाईकडं बर्फातल्या फळ्या आल्या कुटनं? तर खंडाळ्याच्या बंगल्यांतनं. ती माणसं एकदा जातात युरोपला, समदं सामान घेऊन येतात आन् माळ्यावर टाकतात. मग बंगला विकायला काढला का माळा रिकामा करायला मला फोन. तसा आमचा धंदा ट्रेकवाल्यांचा — बूट, सॅक, तंबू भाड्यानं. पर माळ्यावरनं जे खाली पडंल ते घ्यावं लागतं. एकदा नुसती वल्ही आली व्हती, नाव न्हाईच. घेतली. पवना धरण हाय जवळ, गेली इकून.

उभं ऱ्हावा हिच्यापाशी. हनुवटीच्या वर, नाकाच्या खाली — बरुबर हाय. वजन? खरं सांगा. — आता अजून एकदा खरं सांगा. पोट आत वढून मला फसवाल, फळीला न्हाई फसवता येत. हां, आता मधी हात ठिवून वाकवा जरा. वाकती ना? आन् ही दुसरी बगा — ताठ. ही जोरात पळणाऱ्याची, जरा चुकलं का आपटती. तुमाला फार मऊबी नको, कडक बर्फावर नुसती थरथर करती. ही पहिलीच घ्या, मधली हाय. बूट किती नंबरचा? धा? मग रुंद पायजे, न्हाईतर बोटं भायेर येऊन बर्फाला घासणार आन् तुमी तोंडावर. बायंडिंग — हे पाय बांधायचं — तेबी मधलंच, तळाला गादी असल्यालं. त्या ताठ बायंडिंगात पाय जरा हालला का फळी लगीच वळती. आरामात चालणाऱ्यानं तसलं लावू नये.

आता पाठ करा माझ्याकडं. करा वो, खात न्हाई मी. तिकडं रस्त्याकडं बगा, गाडी नीट लावलीय का बगा तुमची — आलं ध्यानात? डावा! तुमचा डावा पाय पुढं आला. रागावू नका, ढकलायचंच असतंय. सांगून ढकललं का माणूस इचार करून पाय टाकतो. न सांगता ढकललं का खरा पाय पुढं येतो. डाव्यावाल्याचं बायंडिंग येगळं लावायचं, उजव्यावाल्याचं येगळं.

मला कुटनं म्हाईत? मी कशाला जाते बर्फात! बर्फ मी बघितला तो मासळीच्या पेटीत आन् उसाच्या रसात. माझ्याकडं कामाला एक पोरगी व्हती, खालच्या भाजे गावची. पावसाळ्यात खताच्या पोत्यावर बसून उतारावरनं घसरायची, आईचा मार खायची, परत घसरायची. हितं दुकानात आली आन् कोपऱ्यातली फळी बघून म्हणाली, मावशी, हे पोत्यापेक्षा भारी हाय. मग मुंबईची ट्रेकवाली मंडळी गुलमर्गला निघाली तवा मीच तिला चिकटवून दिली त्यांच्यासंगं. पंधरा दिवसांसाठी गेली ती सगळा हिवाळा राहून आली! त्वांड काळं पडल्यालं, नाकाची सालं निघाल्याली, आन् हसतीय आपली. मी तुमाला आत्ता जे काय सांगितलं ना, ते समदं तिचं. मी नुसती पोपटावानी बोलते.

बदल्यात देणार? जुनी फळी हाय तुमची? मग आदी बोलायचं. काढा पिशवीतनं. — ही तुमचीच? चालवलीय तुमी? बरं. न्हाई, इचारलं आपलं. कारण हिच्यावर उजवा पाय पुढं लावलाय, आन् तुमचा तर आत्ता डावा आला. आन् ह्या बायंडिंगात तुमचा बूट जायचा न्हाई, बायकी माप हाय. आन् ताठ किती हाय बगा, आरामाचं नावच न्हाई — थांबा. हात काढा. हा पट्टा बगू द्या. हा लाल दोरा.

हे शिवण माझं हाय. त्या पोरीच्या फळीचा पट्टा तुटला व्हता, माझ्याकडं तंबूचा लाल दोरा व्हता, मी दाभणानं हितं ह्याच स्टुलावर बसून शिवला. तुमी सुदुंबऱ्याचे का वो? कंपनीत इंजिनेर? — आता गं बया! जावईबापू! बसा, बसा, चहा सांगते. भाज्याची लेक ती माझी लेक, तवा तुमी माझेबी जावई. लग्न रविवारचं व्हतं, रविवारी मला दुकान बंद ठिवता येत न्हाई, म्हणून वळख ऱ्हायली. फोटोत बघितलं व्हतं तुमाला. पर फोटोत फेटा व्हता आन् पोट नव्हतं.

तुमची बायको, आमची समीक्षा, वापरत न्हाई म्हणता. ती म्हणाली, का तुमीच म्हणताय? माळ्यावर धूळ खात पडलीय. व्हय, पर माळ्यावर चढली कशी ती? फळीला काय पाय हाईत? — तुमच्या आई म्हणाल्या. बरं. आई म्हणाल्या हाडं मोडून बसली तर घरातलं कोण करणार. बरुबर, भाकरीला काय बर्फ लागत न्हाई. लग्नात माप वलांडताना समद्या बायका वरडत आसतील ना, उजवा पाय पुढं टाक, उजवा पाय पुढं टाक? तिला सांगायची गरजच न्हाई वो, तिचा उजवाच पुढं असतो. दाराच्या आत टाकला तवा केवढं कौतुक. दाराच्या भायेर टाकला का लगीच हाडं आठवली. मला राग येतोय, जावईबापू, सांगून ठिवते. चहा प्या पर मला राग येतोय.

आन् तुमी स्वतः कुटं चाललाय ही आरामाची फळी घेऊन? — गुलमर्ग. जानेवारी. हापिसातली मित्रमंडळी. वा! आन् ती? नेत न्हाई. तिलाच यायचं न्हाई? माहेरी चाललीय, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाय... कुणाच्या गुडघ्याचं? चिमाबाईच्या? आई आई गं — थांबा, चहा नाकात गेला — अवो चिमाबाई परवा विसापूरच्या उतारावरनं गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरली, मी स्वतः बघितली! तिच्या गुडघ्याला काय धाड भरलीय! पोरगी गुलमर्गलाच चाललीय वो, शिकवणाऱ्यांच्या कोर्सला, निवड झालीय तिची, परवाच फोन आला, मावशी, फळी माळ्यावरनं काढते, जरा तासून दे म्हणाली — आन् तुमीबी तितंच, त्याच म्हैन्यात! तुमी आरामात बुडावर घसरत येणार आन् तुमाला हात धरून उठवायला कोण, तर —

काय झालं? असं काय बगताय?

न्हाई, म्हंजी दुखतो तसा चिमाबाईचा गुडघा. थंडीत लय दुखतो. गवताचा भारा बी लहानच व्हता. कोर्स? मी कोर्स कवा म्हणाले? ती दुसरी समीक्षा. कामशेतची हाय एक. तुमी चहा प्या ना, गार व्हतोय.

आता काय लपवायचं! मावशी, मी निघंपर्यंत तोंड उघडू नको, म्हणाली व्हती ती. मी म्हटलं, मी का लहान हाय? — अवो, तिनं तुमच्याशी खोटं बोलायचं म्हणून न्हाई केलं. खरं बोलून बघितलं आसंल ना आदी. तवाच तर फळी माळ्यावर गेली.

ही फळी हितंच ऱ्हाणार. वढू नका. वढू नका म्हणते! जावई आसाल घरी. ती वाकणारी फळी तुमची तुमी घ्या, सगळा डोंगर तुमाला दिला, जावा. दुकान बंद. — फोन कशाला काढताय? घरी गेल्यावर बोला, निवांत बोला, आराम आवडतो न्हवं तुमाला? ठिवा तो खिशात. स्पीकरवर कशापायी, मला ऐकवायला? रिंग जातीय. उचलू नको, बाई. कामात आस, न्हाणीत आस, कुटंबी आस. उचलू नको.

समीक्षा... मी मावशी बोलते. फळी माझ्यापाशी हाय बाळा, तिची काळजी करू नको. बाकीचं — बाकीचं समदं माझ्या तोंडातनं गेलं.