वाकडा डिटेक्टर

—बस ना, देवानंद, उभ्याउभ्या काय ऐकायचंय? दार लोट आधी. हां. चहा? मशीनमधला आहे, आपल्यासारखा नाही, पण गरम आहे— नको? बरं, माझा मी घेतो. तर काय सांगत होतो— कमिटीला नाव लागतं. चूक झाली म्हटलं की कुणाची, हे आलंच. सगळा कॅलिफोर्निया टीव्हीवर ऑलिंपिक बघतोय आणि मी सकाळपासून कमिटीसमोर बसलोय! इतकी वर्षं टेकडीवरच्या या लॅबमध्ये आपण जड अणुकेंद्रकं एकमेकांवर आपटतोय, सरकारचा पैसा पाण्यासारखा ओततोय, आणि शोध लावला कुणी? पलीकडच्या बिल्डिंगमधल्या जर्मनांनी. त्याच मशीनवर! केंद्रकं आपटून दाबली गेली की नुसती फुटत नाहीत, त्यांचा माल एका बाजूला उसळून वाहतो— काल त्यांनी सेमिनारमध्ये दाखवलं आणि अख्खा हॉल मान वळवून बघायला लागला. माझ्याकडे, देवानंद. तुझ्याकडे नाही. तुला कोण ओळखतं?

आता तू म्हणशील, सर, मला हे गेल्या वर्षीच दिसलं होतं. दिसलंच होतं, मी कुठे नाही म्हणतो? याच टेबलावर प्रिंटआउट पसरून उभा होतास. मी म्हटलं, डिटेक्टर वाकडा बसलाय, प्रत्येक टक्कर ओढून मधोमध आण. आणि तू काय म्हणालास— मला शब्दन्‌शब्द आठवतंय— सर, डिटेक्टर वाकडा असता तर सगळ्या टकरी एकाच दिशेला झुकल्या असत्या, इथे प्रत्येक आपापल्या दिशेला झुकतेय. बरोबर होतं तुझं. त्याच संध्याकाळी घरी ड्राइव्ह करताना मला पटलं होतं— म्हणजे, पटलं असं नाही. शंका आली. शंका वेगळी. पण बरोबर बोलायचीही काही पद्धत असते की नाही? सगळा ग्रुप बसलेला, माझे प्रिन्स्टनचे मित्र बसलेले, आणि नागपूरहून स्कॉलरशिपवर आलेला पोरगा मला शिकवणार— वाकडं काय नि सरळ काय? अमेरिकेत मी वीस वर्षं कुणाला असं बोलू दिलं नाही, गोऱ्यालासुद्धा नाही. म्हणून म्हटलं, करेक्शन घाल. तू घातलंस, आणि तो झुकाव पुसला गेला. प्रोग्रॅम तुझा, हात तुझे. कमिटीला मी तेवढंच सांगितलं. खोटं काय आहे त्यात?

शीला कशी आहे? आठवा ना? इन्शुरन्स महिनाअखेरपर्यंत चालेल, मी मुद्दाम विचारून घेतलं. बाळ जरा लवकर आलं तर सोयीचंच. व्हिसाचं मात्र तुझं तू बघ. आणि हे घे— आमच्या हिनं, पद्मिनीनं, लाडू पाठवलेत शीलासाठी. डबा परत नको हं, ठेवून घ्या तुम्ही. तसं काही नाही, आमच्या घरात कुणी काही मानत नाही, आईच्या वेळी होतं ते. उगाच परत करायचा त्रास नको, इतकंच. असा काय बघतोस? घे ना.

बरं, एक काम राहिलं. जायच्या आधी ते करेक्शन काढून डेटाच्या जुन्या टेप एकदा चालवून दे. तुझा तो प्रोग्रॅम इथे दुसऱ्या कुणाला उलगडत नाही, आणि टकरी आपल्याकडे जर्मनांपेक्षा जास्त आहेत. पेपर होईल, झकास होईल. नाव? तुझं? अरे, ज्याला चुकीसाठी काढलं त्याचं नाव घालू कसं, तूच सांग. आभारात बघू. आणि नाही म्हणायच्या आधी जरा विचार कर— पुढच्या नोकरीसाठी लोक फोन मलाच करणार. मी काय सांगायचं ते या आठवड्यात ठरेल... शाबास. मला माहीत होतं, तू शहाणा आहेस.

झालं तर मग. बाहेर रवी आलाय, नवा मुलगा, पुण्याचा— त्याला टेप कुठे आहेत ते दाखव. आणि तुझी खुर्ची तेवढी खाली करून जा, त्याचे पाय टेकत नाहीत.