काळी पडलेली चांदी

—नाही, त्या परत ठेवल्यात तरी चालेल, तुमच्या चेहऱ्यावरूनच कळलं मला. कपाटातल्या ह्या सगळ्या चांदीच्या तारा मीच घासल्या – चिंच आणि चुलीतली राख लावून, देवाची भांडी घासतो तशा. हो, राख! केसासारख्या बारीक तारा, तुटायच्या, मोरीतून वाहून जायच्या – मला काय ठाऊक, चांदी जमिनीतूनच अशी कुरळी होऊन येते, कुणा सोनाराने न वळवता? आमच्या ह्यांनी सांगायला हवं होतं ना तसं. बोटीवर इंजिनात कामाला, बंदर लागलं की बाकीचे घड्याळं घेणार, सेंट घेणार, आणि आमचे हे मात्र चांदीचे दगड आणणार – नॉर्वेचे, पेरूचे – कापसात गुंडाळून. सगळं मिठबाव गाव हसायचं, एवढी चांदी आणतो आणि बायकोला एक पैंजण घडवत नाही.

का घासल्या? तुम्ही मुंबईहून असले दगड विकत घ्यायला आलात, तुमच्याकडे नसेल असं काही. माझी सासू, माई, सांगायची – ‘घोव दर्यार आसताना घरातली चांदी काळी पडाक देव नको गो.’ नवरा समुद्रावर असेतो चांदी लखलखीत हवी, तरच तो परत येतो. तिनं जन्मभर पाळलं, सासरे आयुष्यभर होडीवर, पण गेले ते घरात, खाटेवर. मग मीही पाळलं. इथं खारी हवा, चांदी लगेच काळवंडते, की पुन्हा घासायची. हे घरी आले की कपाट उघडायचे, बघायचे, बंद करायचे. मला वाटायचं, आवडलं असेल. आता तुम्ही सांगताय वाट लागली – लागली असेल. पण दर खेपेला परत आले ना?

आणि तुम्हाला हवी आहे ती ही, पेटीतली – ही शेवटच्या रजेत आणलेली. जाताना म्हणाले, ‘हेका हात लाव नको हां. काळा आसा ताच बरा.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही सांगितलं, म्हणून ऐकलं मी. पेटी उघडायची, बघायची – काळी, आणखी काळी – आणि मिटायची. मग आखातात बोटीवर बॉम्ब पडला. इराण-इराकचं भांडण, आमचं काय त्यात? बाकीचे सगळे आले. हे नाही. देहसुद्धा नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, बेपत्ता. नणंद म्हणते कुंकू पूस, शेजारीण म्हणते एकदा रडून घे. रडू येत नाही मला, काय करू? आत सगळं बधिर आहे. दाढेला सुई टोचतात ना, तसं.

असेल हो, असा नग अख्ख्या देशात नसेल. काळेपणातच तिची किंमत, तेही कळलं. कपाटातलं हवं ते न्या, फुकट न्या. ही नाही. ह्यांचं ऐकलं आणि काय झालं ते बघितलं मी, आता माईचं ऐकणार. बेपत्ता म्हणजे काय? म्हणजे दर्यारच ना? दर्यारच आसत ते अजून. चिंच भिजत घातलीय सकाळीच. तुटतीत तारा तर तुटांदेत – अहो, पेटी ओढतास कित्याक? हात काढा. यष्टी चुकतली तुमची. जावा.