काकणाचे झाड आणि माझी तक्रार

दि. १६ फेब्रुवारी २०२५

मी, लवू सखाराम घाडी, वय ६४ वर्षे, धंदा शेती, रा. आडबंदर, कुणकेश्वरजवळ, ता. देवगड, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी शेवंती हिच्यासह राहतो. किनाऱ्यालगत माझ्या जागेत सुरूचे एक उंच झाड आहे. त्यावर काकण, म्हणजे समुद्री गरुड, याचे घरटे आहे. गावातील बायकांचे पक्षी मंडळ दर रविवारी पक्षी मोजते. मंडळाची प्रमुख शेवंती हीच आहे.

नोव्हेंबरमध्ये मी खारेपाटणला मुलीकडे गेलो असता, पिल्ले उडेपर्यंत घरट्याचे झाड तोडणार नाही, असा कागद मंडळाने वनखात्याशी केला. त्यावर 'मालकातर्फे' म्हणून शेवंतीने सही केली. मला ही गोष्ट पोस्टमनकडून समजली.

दि. १४ रोजी सकाळी ९ वाजता मांगराच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या, वाशांसाठी मी सदर झाड तोडण्यास करवतवाला गणपत यास घेऊन गेलो. तेथे शेवंती, मंडळातील सुगंधा व इतर पाच बायका झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. मी म्हणालो, "शेवंते, बाजूक हो. झाड माझा आसा." ती म्हणाली, "झाड तुमचा, पण घर त्येंचा." मी म्हणालो, "माका कोणी इचारल्यान?" यावर सुगंधाने चहा दिला. तो मी घेतला नाही. गणपतने दोन कप घेतले.

त्याच दिवशी मी येथे तक्रार अर्ज दिला. संध्याकाळी शेवंतीने जेवण वाढले व ती दुर्बीण पुसत बसली.

दि. १५ रोजी सकाळी हवालदार साहेब जागा पाहण्यास आले. घरटे रिकामे असल्याचे माझे म्हणणे होते. तेव्हा शेवंतीने गळ्यातील दुर्बीण काढून माझ्या हातात दिली व म्हणाली, "तुमी मालक. तुमीच बघून सांगा."

मी दुर्बिणीतून पाहिले. प्रथम फक्त पाने दिसली. नंतर मादी पायात मासा धरून आली. घरट्यातून दोन पिल्लांनी माना वर केल्या. धाकट्याला मोठे ढकलत होते. मादीने मासा फाडून आधी धाकट्याला भरवला. मी साधारण दोन मिनिटे पाहत होतो. हवालदार साहेबांचे म्हणणे पाऊण तास. त्याबाबत माझा वाद नाही.

मी दुर्बीण खाली केल्यावर शेवंती हळू आवाजात म्हणाली, "तुमका इचारूक होया होता. चुकला माझा." लग्नास एकोणचाळीस वर्षे झाली. हे वाक्य मी प्रथमच ऐकले, सबब ते नमूद करावे.

पिल्ले उडेपर्यंत झाड तोडण्याचा माझा विचार नाही. त्यानंतरचे त्यानंतर पाहू. कागदावर मी काल स्वतः सही केली आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही.

शेवंती बाहेर बाकावर बसली आहे. 'भरती इली, काकण मासे घेऊन येतलो,' असे तिने दारातून दोनदा सांगितले. कृपया मला लवकर सोडावे.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. 'पाऊण तास' हे शब्द खोडण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही.

सही / - लवू सखाराम घाडी