घोरणं थांबलं म्हणजे झोप लागली

स्टँडावरच्या माझ्या सगळ्या भावांनो, गल्लीतल्या आयाबायांनो, बेंबळीहून आलेल्या पाहुण्यांनो,

अण्णासाठी तुम्ही आज जीपा बंद ठेवल्यात. लोहाऱ्याच्या स्टँडवर एवढी शांतता मी कधी बघितली न्हाय. खरं सांगू? मला ती सोसंना. मी विष्णूअण्णाची धाकटी बहीण, मुरुमला दिलेली. मला भाषण येत न्हाय, भांडण येतं. अण्णाशी लई भांडले. आज त्याच्या फोटोपुढं उभी हाय आणि तो उलटून एक शब्द बोलत न्हाय.

अण्णा गेला तो भर दुपारी, तुमच्यातच. मुरुमची फेरी करून आला, डबा खाल्ला, जीपच्या मागच्या सीटवर आडवा झाला आणि घोरायला लागला. त्याचं घोरणं तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीच म्हणायचा, अण्णाची गाडी बंद असली तरी इंजिन चालूच असतंय! मग घोरणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "आत्ता कुठं डोळा लागला बघा. उठवू नका." कुणीतरी काचेला टॉवेल लावला, तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. त्याचा नंबर आला तर दुसऱ्यानं सवारी नेली. किती माया केली तुम्ही! आणि त्या टॉवेलाच्या आड माझा भाऊ श्वास घ्यायचा थांबला होता.

न्हाय, मान खाली घालू नका. तुम्हाला बोल लावायला मी आले न्हाय. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, दमा होता. छातीतून शिट्टी वाजायची. झोपले की घोरायचे, आणि मधीच सगळं गप व्हायचं. आई तोंडावर बोट ठेवायची, "गप बसा रे, आबांना झोप लागली." आमी पोरं चवड्यावर चालायचो. मग आबा जोरात श्वास ओढत उठायचे, बुडता माणूस वर आल्यागत. आई म्हणायची, सपान पडलं असंल. दमा म्हणजे भोग आणि घोरणं म्हणजे सुख, अशी आमच्या घरची समजूत. दोन्हीचा एकमेकाशी काही संबंध असंल, हे कुणाच्या डोक्यातच आलं न्हाय.

अण्णा गेल्यावर तात्यांची, म्हणजे आमच्या चुलत्यांची, धाप वाढली. त्यांना घेऊन मी सोलापूरला गेले. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला दमा? म्हटलं, कुणाला न्हाय ते विचारा. मग म्हणाले, घोरतं कोण कोण? मला रागच आला. म्हटलं, साहेब, आमी दम्यासाठी आलोय, घोरण्याचं काय घेऊन बसलात?

ते म्हणाले, "ताई, दमा आणि घोरता घोरता झोपेत श्वास अडकणं, ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच घरात सापडतात. आईबापांकडून जे रक्तातून येतं, त्यातला काही भाग दोन्हींना सारखाच असतो, असं आता दिसायला लागलंय. एकच एक जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा. वजनाचाही हात असतो. दमा आहे म्हणून झोपेत श्वास अडकेलच असं नाही. पण तपासून बघायला हवं. सापडलं तर उपाय आहे. मास्कचं मशीन लावून माणूस नीट झोपतो."

मी विचारलं, मग माझा भाऊ ह्यानंच गेला का? ते म्हणाले, आता ते कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

तेच मला खातंय. आता दुपारी घरात कुणी आडवं झालं की मी भांडी घासायची थांबते आणि ऐकते. आमचे मालक घोरले तरी भीती, थांबले तर जास्त भीती. एक श्वास जातो. दुसरा अजून आलेला नसतो. त्या मधल्या जागेत मला अण्णा दिसतो. आडवा पडलेला. मी हाका मारते, आणि सगळे मला म्हणतात, हळू बोल, झोपलाय तो.

पल्लवी, अण्णाची लेक, ही इथं समोर बसलीय. तिला लहानपणापासून दमा हाय. ती घोरतेबी. दिवसा पुस्तकावर पेंगते, आणि आमी तिला आळशी म्हणत आलो. बाप गेला म्हणजे वर्षाच्या आत लगीन उरकायचं, न्हायतर तीन वर्षं थांबायचं, ही आपली रीत. बेंबळीची सोयरीक जुळत आलीय. घरात ठरलं, पोरीनं दम्याचा पंप पिशवीतच ठेवायचा, पाहुण्यांपुढं काढायचा न्हाय. तपासणीचं लग्नानंतर बघू. मी विचारलं, आणि तवर? तात्यांनी पंचांग उघडलं. तुम्ही सांगा मंडळी, तवर काय? पोर गप झाली की तोंडावर बोट ठेवायचं?

हे सगळं तिला विचारूनच बोलतीय. सकाळी म्हटलं, पल्लवी, सांगू का गं सभेत? ती म्हणाली, "सांग आत्या. माझ्या शेजारी जो झोपंल त्याला ठावं पाहिजे, मी गप झाले तर मला हलवायचं."

पाहुणे, ऐकलंत न्हवं? सोयरीक ठेवा, न्हायतर मोडा. तुमच्यावर रुसणार न्हाय. पण या सोमवारी मी पोरीला सोलापूरला नेणार. तात्या, तुम्हीबी चलायचं.

आता उभं राहून मौन पाळायचं हाय. पाळू. पण तात्या, चारचौघांत म्हणून छातीतली शिट्टी दाबून धरू नका. पल्लवी, लागला तर पंप सगळ्यांपुढं ओढ. आणि तुम्ही सगळ्यांनी तोंड बंद ठेवा, पण श्वास मोठ्यानं घ्या. शेजारच्याला ऐकू जाऊ दे.

अण्णा, आमी ऐकतोय रे.