रंगमंचावर खुर्ची नको

सेक्रेटरी : अहो मावशी, साधी खुर्ची मागतोय. सिंहासन नाही!

मावशी : सिंहासन मागितलं असतंत तर दिलं असतं. तुमच्या अटींत त्याला मनाई नाही.

सेक्रेटरी : कसल्या अटी?

मावशी : करारासोबत पाठवता त्या. पांढरे टॉवेल, कोमट पाणी, खोलीत वासाची फुलं नकोत, आरशाला पिवळे दिवे. मिळालं ना सगळं जागच्या जागी? त्यातच हेही आहे. रंगमंचावर कुणासाठीही खुर्ची ठेवू नये. ठेवली, तर न गाता पूर्ण मानधन.

सेक्रेटरी : ते जुनं कलम हो, कॉपी होत होत आलंय. मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उभं राहवत नाही त्यांना. मी सांगतो ना, चालेल!

मावशी : तुमच्या तोंडी सांगण्यावर थिएटर बुडवू? कलम खोडायचं तर त्यांची सही हवी, आणि थिएटरतर्फे माझी. बोलवा त्यांना.

सेक्रेटरी : त्या इथे विंगेत येणार? तुम्हीच जा ना खोलीत.

मावशी : मी कुबडीवर चालते. त्यांना अजून भिंत पुरते.

(गायिका भिंतीला धरून येते.)

गायिका : कोण एवढं अडून बसलंय? ...ताई? तू इथे?

मावशी : व्हायोलिन सुटलं तेव्हापासून. पडदे बघते, दिवे बघते.

सेक्रेटरी : मॅडम, ताई म्हणजे?

मावशी : सख्खी बहीण. हिला साथ करायचे. पाय लहानपणापासून अधू, म्हणून बसून वाजवायचे. मग एका दौऱ्याच्या तोंडावर हिनं हे कलम घातलं. अख्खा दौरा उभी राहिले मी. परतले ती कुबडी घेऊनच. आता कुबडी धरू की व्हायोलिन?

गायिका : कशाला उकरून काढतेस गं? पेन दे, खोडते.

मावशी : आधी सांग, का घातलंस?

गायिका : साथीदार बसलेले बरे दिसत नाहीत म्हणून.

मावशी : ते तू पेपरवाल्यांना सांगितलं होतंस. मला सांग.

गायिका : ...गाणं माझं आणि टाळ्या तुला पडायच्या. झालं समाधान? ही घे माझी सही. आता तू कर.

मावशी : मी नाही करत.

गायिका : ताई! मग मी गात नाही, जा.

मावशी : नको गाऊस. हॉल गच्च भरलाय. पडदा उघडायला सांगते. पुढे होऊन तूच सांग सगळ्यांना, उभं राहवत नाही म्हणून.

सेक्रेटरी : मावशी, पाया पडतो तुमच्या.

मावशी : पडू नका, वाट अडते. मॅडमना पुढे जाऊ द्या.

गायिका : ताई, फार दुखतंय गं.

मावशी : मध्यंतरापर्यंतच दुखतं. नंतर पाय आपले वाटतच नाहीत.