सासूबाईंच्या नावाची पाटी

जळगाव स्टेशनच्या प्रतीक्षागृहात लिऊ डॉक्टर दर तीन मिनिटांनी मांडीवरचं गाठोडं एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेत होते. मूळचे कोलकात्याच्या चिनी कुटुंबातले; दातांचे डॉक्टर म्हणून शहर त्यांना ओळखतं. शेजारी त्यांची बायको, सुगंधाबाई. हावड्याची गाडी तासभर उशिरा होती.

"द्या माझ्याकडे. गाडीले अजून टाईम शे."

"गेलेल्या आईच्या नावाची पाटी आहे आत. मीच धरतो."

"एकतीस वर्षं मीच पुसली ना ती?"

"पुसलीस, आणि दर शुक्रवारी हळदकुंकूही लावलंस. आमच्या चिनी देवळात पाटीला कुंकू लावत नाहीत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बरं दिसायचं."

"कोलकात्याच्या त्या देवळात माझ्यासारखं भरीत ठेवतात का पाटीपुढे?"

"संत्री ठेवतात."

"संत्र्यानं सासूबाईंचे दात आंबायचे. डॉक्टर तुम्हीच ना?"

"पूर्वजांच्या ओळीत तिची जागा राखलीय, सुगंधा. लहानपणी तिनंच दाखवली होती. उदबत्त्यांच्या धुरात वरची नावं दिसायची नाहीत, मग मला उचलून घ्यायची."

"मग न्या. दरवर्षी नेऊ नेऊ म्हणता. मी कधी अडवलं?"

"देवळातल्या म्हाताऱ्यांचा फोन होता. कुंकू खरवडून आणा म्हणाले, खालची अक्षरं दिसली पाहिजेत."

"खरवडलं?"

"काल ब्लेड घेऊन बसलो होतो."

"मग?"

"ब्लेड टेकवलं आणि कुंकू लावणारा तुझा हात आठवला."

"काहीतरीच. लोक ऐकताहेत."

"ऐकू दे. ऊठ, घरी जायला रिक्षा बघू. आई आपल्याकडेच राहील."