पडवीतलं विमान

भूमिका : आबा, उलटं घातलंत. पट्टा मागं, भिंगं पुढं.

मगन : पुढं-मागं मला नको शिकवू पोरी. बैलांना मुसकी बांधण्यात जन्म गेला माझा.

भूमिका : हे मुसकं नाही हो. हेडसेट आहे, डोळ्यांवर घातला की विमानात बसल्यासारखं दिसतं.

मगन : डोळ्यांवर बांधतात ना? मग झापड झाली. तेलाच्या घाण्याच्या बैलाला बांधायचे तसली. तो बैल दिवसभर गोल गोल फिरायचा आणि त्याला वाटायचं, आपण सुरतेला निघालोय.

भूमिका : हां, तसंच समजा. फक्त तुम्ही सुरतेला नाही, तापीकाठच्या प्रकाशा गावाला निघालाय. दिसतंय का काही?

मगन : पडवी दिसतेय. आणि तुझी आजी दारात दोन दिसतेय. एकीलाच उत्तर देता देता केस पिकले माझे, आता दुसरी कुठून आणू?

भूमिका : भिंगांमधलं अंतर चुकलंय. खाली चाक आहे बघा, बोटानं हळूहळू फिरवा. तुमच्या दोन डोळ्यांत जेवढं अंतर, तेवढंच भिंगांत हवं.

मगन : आमच्या घराण्यात नाक रुंद. सासरेबुवांनी नाक बघूनच पोरगी दिली होती... थांब, थांब. आली. दोन्ही आज्या एकमेकीत शिरल्या. आता एकच आहे, पण रागावलेली आहे.

भूमिका : ती खरीच रागावलीय. पडवीत पसारा केला म्हणून.

मगन : मग खोलीत का नाही मांडलं?

भूमिका : खोलीत तुम्ही आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवलाय, भाव वाढेल म्हणून! आणि अंगणात नेता येत नाही, ऊन लागलं तर भिंगं जळतात.

मगन : एवढ्या नखऱ्याचं कशाला घेतलंस मग? शहाद्याचा दुकानदार तो मोबाइल घालायचा डबा दाखवत होता. गरीब दिसत होता बिचारा. डबा.

भूमिका : त्यात आपण मान आधी वळवतो आणि चित्र नंतर वळतं. दुकानातच मळमळायला लागलं मला. त्याच्या शेजारचा चांगला होता, पण त्याचे दोन ठोकळे समोरासमोरच्या भिंतींवर ठोकावे लागतात. आता आपल्या समोरची भिंत कोणाची?

मगन : प्रेम्याची.

भूमिका : म्हणून हा घेतला. याचे कॅमेरे याच्या स्वतःच्याच तोंडावर आहेत. भिंत लागत नाही.

मगन : शहाणी आहेस. त्या भिंतीवर माझी सावली पडली तरी तो चुना मारतो.

भूमिका : सख्खे भाऊ ना तुम्ही?

मगन : कागदोपत्री. ही पडवी वाटली तेव्हापासून बोलणं बंद. ती गेरूची रेघ दिसतेय ना मधोमध? अलीकडे मी, पलीकडे तो. चिमण्यासुद्धा विचारून बसतात.

भूमिका : बरं, ते राहू द्या. उद्या सकाळच्या गाडीनं मी निघाले. त्याआधी मला एकदा बघायचंय, तुम्ही तापीच्या वाळूत विमान कसं उतरवलंत.

मगन : ऐकलंयस की शंभरदा.

भूमिका : ऐकलंय. आता बघायचंय. आबा, तुम्हाला सांगितलं नाही मी. पायलट-शाळेच्या मुलाखतीत मला विचारलं, खेड्यातली मुलगी तू, हे विमानाचं वेड कुठून आलं? मी सांगितलं, आमच्या आबांनी उतरवलंय विमान.

मगन : असं... तोंडावर सांगितलंस? मोठ्या माणसांच्या?

भूमिका : तिघं होते. पूर्ण गोष्ट सांगायला लावली. मिरचीसकट.

मगन : मिरचीसकट!

भूमिका : हो. म्हटलं, कपाशीवर फवारणीचं विमान आलं होतं. पायलटच्या मागं औषधाच्या टाकीवर आबा बसले होते, शेतं दाखवायला. नंदुरबारवरून जाताना खाली मिरचीच्या पथारी वाळत होत्या, लालेलाल. विमान एवढं खाली आलं की सगळी भुकटी वर उडाली. पायलटला शिंका सुटल्या, डोळे मिटले...

मगन : एका शिंकेला विमान वीस हात खाली यायचं. पुढच्या शिंकेला पुन्हा वर. मी पाठीमागून हात लांब केला आणि दांडी धरली. नांगराचा रुमणा धरतात तशी.

भूमिका : तेच! तेच सांगितलं मी. आणि प्रकाशाला वाळूत उतरवलं, काठावर प्रेमचंदनाना उभे होते. सगळे हसले, आबा, पण घेतलं मला. म्हणाले, आलीस की पहिल्या दिवशी सगळ्यांना ही गोष्ट सांगायची.

मगन : भूमिका... हे काढ जरा डोळ्यांवरचं. आत गरम होतंय.

भूमिका : आता नाही काढायचं, मांडणी अर्धवट राहील. हे रिमोट घ्या दोन हातांत. आता ते बाउंड्री आखायला सांगतंय.

मगन : काय आखायला?

भूमिका : बाउंड्री. म्हणजे... हद्द. तुमच्याभोवतीची हद्द. डोळे झाकलेले असताना माणूस कुठं आपटू नये म्हणून. रिमोटमधून किरण निघालाय ना, तो जमिनीवरून फिरवा. जेवढी जागा आपली, तेवढी आखा.

मगन : जेवढी जागा आपली?

भूमिका : हो.

मगन : मग हात आखडता कशाला घेऊ? ही घे. ही इथून निघाली... खांबाला वळसा... आता इकडून...

भूमिका : आबा, बास. आबा, रेघ ओलांडलीत तुम्ही!

मगन : मला रेघ नाही दिसत. मला फक्त जागा दिसते. केवढी मोकळी आहे गं!

प्रेमचंद : पोरी! तुन्हा आजाले इचार, मन्ही पडवीमा काय मोजी ऱ्हायना तो?

भूमिका : नाना, मोजत नाहीयेत. हे विमानाचं यंत्र आहे.

प्रेमचंद : माले नको शिकाडू. मोजणीवाला बी असंच यंत्र लई उना व्हता. त्यानंतर मन्ही मोरी त्याना हिस्सामा गयी.

मगन : भूमिका, त्याला सांग, मी विमानाची हद्द आखतोय.

प्रेमचंद : त्याले सांग, इमाननी हद्द मन्ही खाटखाले कशी उनी?

मगन : त्याला सांग, खाट मला दिसली नाही.

प्रेमचंद : त्याले सांग, खाटवर मी बठेल शे. मी बी दिसना नही का?

भूमिका : मी इथं उभी आहे म्हणून, नाहीतर तुम्ही दोघं टपाल पाठवून भांडला असतात.

मगन : अगं, ही निळी जाळी काय उभी राहिली? चौफेर?

भूमिका : ती तुम्ही आखलेली हद्द. तिच्याजवळ गेलात की ती दिसते. आबा, चालू नका! उभे राहा तिथंच!

मगन : बघू तरी कुठवर आली आपली...

प्रेमचंद : ए! ए मगन! पायरी शे म्होरे! पडशी!

मगन : कोणी... दंड कोणी धरला माझा?

भूमिका : नानांनी.

मगन : त्याला सांग, सोड म्हणावं.

प्रेमचंद : सोडस मंग. खाले तीन पायऱ्या शेतस आनि त्यानाखाले म्हैस.

मगन : ...नको सोडू.

प्रेमचंद : हां. आते कसा थेट बोलना.

भूमिका : अरे देवा, माझंच चुकलं की. इथं दोन पर्याय होते, मी उभं राहून फिरायचा निवडला. विमान तर बसून चालवतात! बसून असेल तर आखायचं काही कामच नाही. यंत्र आपलं आपण खुर्चीभोवती एक गोल काढतं.

प्रेमचंद : म्हंजे बसाले हद्द लागत नही?

भूमिका : नाही लागत, नाना.

प्रेमचंद : मंग बठाड त्याले. मन्ही खुर्ची ले, तुमनी लंगडी शे.

भूमिका : कुठं ठेवू?

प्रेमचंद : रेघवर ठेव. दोन पाय इकडे, दोन तिकडे. कोनी काय म्हनाले नको.

भूमिका : बसा आबा. ही दांडी उजव्या हातात. आता कॉम्प्युटरची वायर जोडते... हं. आलात तुम्ही. प्रकाशाच्या वर आहात. नाना, तुम्हाला इथं लॅपटॉपवर दिसेल, आबांना जे दिसतंय तेच.

मगन : माझे पाय कुठं गेले?

भूमिका : पाय आहेत हो, दिसत नाहीत फक्त.

मगन : हात पण नाहीत! अगं, दांडी कोण धरतंय मग?

भूमिका : तुम्हीच. हळू... एवढं ओढू नका, आबा! हळू!

मगन : तापी कुठं गेली? आत्ता इथं खाली होती. तापी... तापी डोक्यावर आली!

प्रेमचंद : उलटा उडी ऱ्हायना तू.

मगन : मी सरळ आहे. नदी उलटी झालीय.

प्रेमचंद : नदी इतला वरीस खालेच व्हती. आजच कशी वर गयी?

मगन : धरणाची दारं उघडली असतील.

भूमिका : दांडी सोडा! सोडा, ते आपोआप सरळ... आबा, ऊस! ऊस आला समोर!

मगन : लाल अक्षरं आली. काय लिहिलंय?

भूमिका : विमान कोसळलं, असं लिहिलंय.

मगन : उसामुळं. आमच्या वेळी ऊस एवढा उंच नव्हता.

भूमिका : पुन्हा करा.

मगन : ही दांडी बाजूला आहे ना, माझी पायलटच्या पुढं होती. शिवाय मला पुढं पायलटचं डोकं दिसायचं. त्याच्या टोपीवरून अंदाज घ्यायचो मी. इथं टोपीच नाही...

भूमिका : पुन्हा करा, आबा. वाळूत उतरवा.

मगन : हे बघ... आलो... वाळू दिसली... पांढरीशुभ्र...

प्रेमचंद : ते पानी शे.

मगन : पुन्हा लाल झालं.

भूमिका : हं.

मगन : हं काय? बोल की काहीतरी. मला झापडीतनं तुझं तोंड दिसत नाही.

भूमिका : आबा, एक विचारू? रागावणार नाही?

मगन : तुझ्यावर कधी रागावलो?

भूमिका : झालं होतं ना ते? खरंच? शहाद्यात, तळोद्यात, कुठंही विषय निघाला की लोक म्हणतात, प्रेमचंदनाना तर सांगतात थाप आहे. मी भांडते सगळ्यांशी. पण उद्या तिथं मला उभं करतील आणि सांगायला लावतील. आणि मला... मला एकदा ऐकायचंय फक्त.

मगन : अगं, फवारणीचं विमान आलं होतं. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

प्रेमचंद : त्या इमानले एकच खुर्ची ऱ्हास.

मगन : मी टाकीवर बसलो होतो म्हटलं ना!

भूमिका : नाना, तुम्ही काठावर होतात. आबा दरवेळी तुमचं नाव घेतात. मग तुम्हीच सांगा.

मगन : त्याला कशाला विचारतेस? त्याला काय आठवतंय! त्याला कालची भाजी आठवत नाही. भूमिका, ऐक माझं...

भूमिका : नाना.

(प्रेमचंद खाटेवरून उठतो आणि गेरूच्या रेघेवर, खुर्चीच्या पायाशी उकिडवा बसतो.)

प्रेमचंद : वाळूमा नही उतरना तो.

भूमिका : म्हणजे...

प्रेमचंद : म्हंजे तुन्हा आजा खोटं सांगस. म्हनीसन मी गावभर त्याले थापाड्या म्हनस. वाळूमा उतरनाच नही. टरबूजनी वाडीमा उतरना.

भूमिका : टरबूज?

प्रेमचंद : नदीना पात्रामा वाहरूनी वाडी व्हती. चाकले येल गुंडाळायनात, म्हनीसन इमान थांबनं. नही ते सरळ पानीमा जाता.

मगन : प्रेम्या...

प्रेमचंद : तू गप बठ. मी सांगी ऱ्हायनू ना पोरले.

भूमिका : आणि विमान? सरळ होतं की उलटं?

प्रेमचंद : उतरताना सरळ व्हतं. त्याना पयले मी देखं नही. मन्हा डोयामा बी मिरची गयेल व्हती.

भूमिका : आबा, तुम्ही टरबुजांचं कधीच का नाही सांगितलं?

मगन : वेलांचं ना... हो. वेलच ते. अगं, वाहरूच्या वाडीचा पार चेंदा झाला होता. त्याच्या कानावर गेलं असतं तर विळा घेऊन आला असता. म्हणून मी म्हणायचो वाळू. प्रेम्याला तेवढं ठाऊक होतं.

प्रेमचंद : माले तेवढंच ठाऊक व्हतं.

भूमिका : मग उद्या मी टरबुजांचं पण सांगू?

प्रेमचंद : सांग. कोनी इचारं ते म्हन, मन्हा धाकला आजा काठवर उभा व्हता. त्यानी देखेल शे.

भूमिका : आबा, बंद केलंय मी यंत्र. काढा आता ते.

मगन : राहू दे जरा वेळ.

भूमिका : आत काळोखच असेल की.

मगन : असू दे. बरा आहे. ...प्रेम्या.

प्रेमचंद : काय?

मगन : त्या फुटलेल्या टरबुजांचं काय केलंस रे तू?

प्रेमचंद : काय करतू? एक उचलं आनि काठवर बठीसन खादं.

मगन : गोड होतं?

प्रेमचंद : जरा कच्चं व्हतं, भाऊ. पन गोड लागनं.